मडगार्डवरचे मिस्त्री

मिस्त्रींना मोटार चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही मनातल्या मनात त्यांना कुठल्यातरी ट्रकच्या चाकामागे बसवाल आणि सगळं चित्रच चुकेल. चामोर्शीच्या बाजाराच्या मैदानाला लागून त्यांची शेड होती. वर गवत आणि तिन्ही बाजूंनी बांबूचे तट्टे. जंगलातून बांबू आणि सागवान वाहणारे ट्रक, ठेकेदारांच्या जीपा, कुण्या मालगुजाराची धूळ खात पडलेली मोटार, सगळं तिथे येऊन उभं राहायचं. मिस्त्री ते दुरुस्त करायचे आणि दुरुस्त झालेली गाडी शेडच्या बाहेर काढायला मात्र दुसऱ्याला हाक मारायचे. लढाईच्या दिवसांत ते फौजेच्या वर्कशॉपात होते. तिथे एकदा हौसेनं त्यांनी चाक हातात घेतलं आणि गाडी सरळ स्वयंपाकाच्या तंबूत नेली. "पंचवीस जणाची खिचडी सांडली, बाई," ते मला सांगायचे. "फौज उपाशी झोपली. त्या दिवसापासून चाकाले हात जोडले."

ते गाडीच्या आतही बसत नसत. आत बसलं की गाडी नीट ऐकू येत नाही म्हणायचे. चालत्या गाडीची परीक्षा घ्यायची असेल तर ते डाव्या मडगार्डवर चढून बसत, एका हातानं पुढचा दिवा धरून, कान बोनेटजवळ नेऊन, डोळे मिटून. वर कुडता फडफडतोय, खाली रस्त्यातले दगड उडताहेत, आणि यांचा चेहरा असा की जसं कुणी आत बसून गाणं म्हणतंय. बैलगाडीवाले बैल थांबवून बघत. पहिल्यांदा मी ते ध्यान पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना, आणि दुसऱ्याच मिनिटाला धडकी भरली, कारण ते बसले होते आमच्याच गाडीवर.

मी तेव्हा चामोर्शीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. वय चोवीस, मूळची वर्ध्याकडची, नोकरी अजून कच्ची आणि जिभेला हाड नाही. डॉक्टरांची जागा कित्येक महिने रिकामी होती. दवाखान्यात मी, एक कंपाउंडर आणि दाजीबा ड्रायव्हर. गाडी म्हणाल तर एका जमीनदारानं दवाखान्याला देऊन टाकलेली, लढाईच्याही आधीची, काळी, वर कापडी हूड असलेली मोटार. दाजीबा तिच्याबरोबरच आला होता. जमीनदाराकडे तोच ती चालवायचा, गाडी सरकारात आली तसा तोही सरकारात आला. चाळिशीचा, बारीक, अबोल माणूस. गाडी पुसताना तिच्याशी मात्र बोलायचा.

त्या गाडीनं मी खेड्याखेड्यांतल्या बाळंतिणींकडे जायची आणि अडलेल्या बाईला आणायची. बैलांच्या खाचरात घालून धक्के खात आणलेली बाई आणि मोटारीतून आणलेली बाई यांत काय फरक असतो ते मला विचारा.

आता मिस्त्रींच्या तऱ्हा. गाडी आली की सगळे मिस्त्री काय करतात? बोनेट उघडतात. हे बोनेटला हात लावत नसत. आधी एक खोकं उपडं घालून त्यावर बसायचे आणि चौकशी सुरू करायचे, तीही ड्रायव्हरची नाही, मागे बसणाऱ्याची. ड्रायव्हरचं मत आधीच बनलेलं असते, ते म्हणायचे, मागं बसनाऱ्याले काई समजत नाई म्हणून तो दिसलं तेच सांगते. कोणत्या वेळी बिघडते, वर चढताना का उतारावर, पोट भरून निघाले होते का उपाशी. हे शेवटचं काय म्हणून विचारत, देव जाणे. एकदा एक ठेकेदार संतापून म्हणाला की मी गाडी दाखवायला आलोय, कोर्टात साक्ष द्यायला नाही. मिस्त्रींनी शांतपणे दुसरं खोकं त्याच्यासाठी उपडं घातलं.

दुसरी तऱ्हा नाकाची. काम चालू असेस्तोवर कांदा नाही, तंबाखू नाही, विडी नाही. गाडीच्या मागे उकिडवं बसून धुराचा वास घ्यायचे, थोडा थोडा, आमच्याकडे बायका वरणाचा घेतात तसा. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाताना अत्तर लावायचे, म्हणून शुक्रवारी दुपारनंतर वासाचं काम बंद. गिऱ्हाईक कितीही तणतणो.

आणि तिसरी, जिनं लोक अगदी वेडे व्हायचे. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. प्लग साफ केले तर त्या दिवशी फक्त प्लग. पॉईंटला हात लावायचा नाही, कार्बोरेटर उघडायचा नाही. गाडी न्या, चालवा, उद्या या. "चार गोष्टी संगच केल्या अन् गाडी सुधरली, तं कायनं सुधरली ते मले कसं समजन?" असं त्यांचं म्हणणं. लोक म्हणायचे, समजून काय करायचंय, सुधरली ना? यावर मिस्त्री त्या माणसाकडे फार दुःखानं बघत.

एका तालुक्याच्या साहेबांची जीप साहेब बसले की खडखडायची आणि रिकामी असली की गप्प. तीन जागच्या मिस्त्र्यांनी तिचे पाटे, नट, सगळं उपसून पुन्हा बसवलं होतं. आमच्या मिस्त्रींनी साहेबांना उतरवलं, बसवलं, उतरवलं, बसवलं, असं चार वेळा केलं. मग सीटखालून साहेबांची पितळी पिकदाणी काढली आणि अदबीनं त्यांच्या हातात दिली. "गाडी बरी हाय साहेब. हे मांडीवर घेऊन बसत जा."

तर अशा माणसाकडे आमची गाडी गेली. झालं असं की दिवाळी सरली आणि तिला काहीतरी भरलं. चांगली चालता चालता मधेच झटके द्यायची, खोकायची आणि मान टाकायची. दाजीबा उतरायचा, मागे जाऊन टाकीचं टोपण उघडायचा, आत बांबूची काडी घालून पेट्रोल किती ते पाहायचा. पेट्रोल भरपूर असायचं. टोपण लावायचा, पुढे येऊन हॅण्डल मारायचा, आणि गाडी अशी चालू व्हायची की जसं काही घडलंच नाही. पाच-सहा मैलांनी पुन्हा तेच. बरं, रोजही नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. दाजीबाचा तर समज झाला की तिला विचारपूस केलेली आवडते. "काडी घालून विचारलं का ती चालते, बाई." तो त्या काडीला कपाळाला लावून मगच टाकीत घालायला लागला.

मला ते सगळं गमतीचं वाटलं असतं, पण जिल्ह्याचं गाव चांदा, तिथले मोठे डॉक्टर साहेब जानेवारीत तपासणीला आले आणि त्यांना घेऊन जाताना गाडीनं दोनदा मान टाकली. साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना कारण लागायचं आणि लगेच लागायचं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा ड्रायव्हर पेट्रोल विकतोय आणि टाकीत रॉकेल ओततोय. मी म्हटलं, दाजीबा तसा नाही. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात मी पुन्हा येतो, मला गडचिरोलीला न्यायचं. गाडी वाटेत थांबली तर दाजीबा घरी जाईल.

दाजीबा दहा पावलांवर उभा होता. त्यानं ऐकलं. त्याच्या घरी म्हातारी आई, बायको आणि लग्नाची पोरगी. आणि गाडीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. तो फडकं घेऊन गाडी पुसायला लागला. मला त्याचा तो गप्प बसण्याचा स्वभाव त्या दिवशी असा काही टोचला की मी दुसऱ्याच दिवशी गाडी मिस्त्रींच्या शेडीत नेऊन उभी केली आणि म्हटलं, महिन्याभरात हिचं दुखणं शोधा, नाहीतर एका माणसाचं घर बसेल.

"बसा जी," मिस्त्री म्हणाले आणि माझ्यासाठी खोकं उपडं घातलं.

तासभर साक्ष झाली. सकाळी बिघडते का दुपारी? मी आठवून आठवून सांगितलं, बहुतेक सकाळी, थंडीत. दुपारच्या उन्हात कधी नाही. जवळच्या गावाला नाही, लांब गेलं की. बाळंतीण आडवी असली की जास्त का बसलेली असली की? या प्रश्नावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, मागं बसून पेट्रोलचा वास येते का? मी म्हटलं, पूर्वी फार यायचा, बायका ओकून बेजार व्हायच्या, आता नाही येत. "कवापासून?" दिवाळीपासून. हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, कारण तो वास मीच बंद केला होता. मिस्त्रींनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मीही पुढे गेले. माणसाच्या डोळ्यांवर कशी झापड असते पाहा.

मग सुरू झाला त्यांचा एकेका दिवसाचा कार्यक्रम. प्लग झाले. पॉईंट झाले. कार्बोरेटर झाला. पेट्रोलचा पंप खोलून जोडला. प्रत्येक वेळी दुपारी शेडीतून गाडी निघायची ती हरणासारखी, आणि दोन दिवसांनी सकाळी कुठल्यातरी नाल्यापाशी मान टाकायची. मी शेडीत जाऊन कडाकडा बोलायची. मिस्त्री म्हणायचे, "आज एक गोष्ट तं समजली ना बाई, का पंप नाई." त्यांना याचा आनंद व्हायचा. खराखुरा आनंद. काय नाही ते समजलं म्हणून इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या दवाखान्यात ताप उतरला नाही की आम्ही तोंड पाडायचो. हे म्हणायचे, चला, एक खोली झाडून झाली.

फेब्रुवारी लागला. साहेबांची चिठ्ठी आली, अमुक दिवशी येतोय. चार दिवस उरले होते. मिस्त्री म्हणाले, उद्या सकाळी मी येतो तुमच्यासंग. आणि सकाळी येऊन मडगार्डवर चढून बसले. तीच ती सकाळ, माझ्या हसण्याची आणि धडकी भरण्याची.

सात मैलांवर, दोन्ही बाजूंना पळस नुसता पेटलेला, तिथे गाडीनं झटके दिले आणि गप्प झाली. दाजीबा सवयीनं काडी घेऊन उतरला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. म्हणाले, आज तिले विचारू नको. दाजीबा कळवळून म्हणाला की मग ती चालणार नाही. नाई चालली तं नाई चालली, मिस्त्री म्हणाले, आणि पळसाखाली अंग टाकलं. आम्ही तिथे तासभर बसलो. दाजीबानं मधून मधून हॅण्डल मारलं, गाडी ढिम्म हलली नाही. मी घड्याळ बघत होते, पुढच्या गावात माझ्या दोन बायका वाट बघत होत्या, आणि हा माणूस सावलीत पडून पोपट मोजतोय. मी काय काय बोलले असेन ते आता लिहीत नाही.

मग ते उठले. दाजीबाला डबा देऊन नाल्यावरून रेडिएटरसाठी पाणी आणायला धाडलं आणि स्वतः गाडीच्या मागे गेले. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. एक सुस्कारा ऐकू आला, लांब. मला वाटलं मिस्त्रींनीच टाकला. म्हटलं, संपलं, हरला माणूस. दाजीबा आला, पाणी भरलं, हॅण्डल मारलं, गाडी चालू. मिस्त्री पुन्हा मडगार्डवर.

चामोर्शीला परतल्यावर मी विचारलं, काय समजलं? "साहेबाले नेता तेव्हा मले बोलवजा," एवढंच म्हणाले. आणि उरलेले तीन दिवस त्यांनी गाडीला हात लावला नाही. मी दोनदा शेडीत गेले, दोन्ही वेळा ते कुणाच्यातरी ट्रकखाली होते आणि बाहेर यायला तयार नव्हते. मला त्यांचा इतका राग आला होता की विचारू नका. दाजीबानं मात्र गाडी पुसून पुसून आरशासारखी केली होती. जाणाऱ्या माणसानं घर झाडून ठेवावं तसं ते मला वाटलं.

साहेब आले. सकाळी सातला निघालो. साहेब आणि मी मागे, दाजीबा चाकावर, आणि मिस्त्री मडगार्डवर. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, मिस्त्री आहेत. तिथे का बसलेत? मी म्हटलं, साहेब, ते तिथेच बसतात. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. थंडी होती, रस्ता मोकळा होता, आणि मी मनात म्हणत होते, आजच्या दिवस चाल गं बाई, फक्त आजच्या दिवस.

नवव्या मैलावर तिनं झटके दिले. दाजीबाची मान मला मागून दिसत होती, ती एकदम ताठ झाली. गाडी खोकली, थोडी सरकली आणि थांबली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दाजीबा, बस झालं. चांद्याला गेल्यावर मी कागद पाठवतो." दाजीबानं मान हलवली. काडीसाठी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

मिस्त्री मडगार्डवरून उतरले होते. त्यांनी साहेबांना सलाम केला आणि म्हणाले, साहेब, कागदाच्या आधी दहा मिनिटं मले द्या. त्यांनी दाजीबाकडून हॅण्डल मारवलं. दहा वेळा मारवलं. गाडी मेल्यासारखी. मग ती बांबूची काडी उचलून त्यांनी साहेबांच्या हातात दिली. म्हणाले, ही तुमच्याजवळ राहू द्या, आज हिचं काम नाई. आता साहेब, तुमी मागं या अन् कान द्या.

साहेबांना कारणांची आवड होती ते मी सांगितलंच. ते उतरले. मीही उतरले. टाकीच्या टोपणावर हल्ली नेहमी एक जाड फडकं बांधलेलं असायचं, धुळीसाठी असेल असं मी समजत होते. मिस्त्रींच्या खुणेवर दाजीबानं फडक्यासकट टोपण फिरवून काढलं. आणि तो सुस्कारा आला. लांब, खोल, सूंऽऽऽ करून, बुडता बुडता वर आलेल्या माणसानं हवा ओढावी तसा. हवा आत जात होती. "मार आता," मिस्त्री म्हणाले. दाजीबानं एकदाच हॅण्डल मारलं आणि गाडी फुरफुरत चालू झाली.

साहेब काडी हातात घेऊन उभे. मग म्हणाले, "अरे, टाकीत हवाच जात नाही. पोकळी होते. पेट्रोल ओढणार कसं?" मिस्त्री म्हणाले, हो जी. टोपणाले मधात बारीक भोक असते, हवेसाठी. ते बंद हाय. काडीनं काई नोतं होत, काडीसाठी टोपण उघडे, त्यानं होये. दुपारच्या उनानं बंद केलेलं थोडं नरम पडे, मंग गाडी चाले.

तेलाच्या नव्या डब्याला दोन भोकं पाडायची असतात, एका भोकातून तेल येत नाही, हे मी आठ वर्षांची असल्यापासून जाणते. तिथे उभी असताना ते मला आठवलं. मला कळलं.

"बंद कशानं आहे?" साहेबांनी विचारलं. मिस्त्रींनी दाजीबाकडे पाहिलं. दाजीबा फडकं सोडेना. टोपण त्यानं छातीशी धरलं होतं. शेवटी मिस्त्रींनी हळूच ते काढून घेतलं आणि गाठ सोडली. टोपणावर मधोमध लाल लाखेचा गोळा होता आणि त्यावर स्वच्छ, गोल, सरकारी शिक्का.

साहेब म्हणाले, हे कुणी केलं?

दाजीबा म्हणाला, "तुमचंच सील हाय ना साहेब. मी हात नाई लावला त्याले."

मग त्या अबोल माणसानं जे सांगितलं ते असं. दिवाळीनंतर एक दिवस सकाळी त्याला टाकीवर हे सील दिसलं. तेव्हाच आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. त्याला वाटलं, नवं राज्य आलं आणि त्यांनी आपल्या टाकीला सील ठोकलं, म्हणजे आपण पेट्रोल चोरतो असा सरकारचा संशय आहे. सरकारी सील तोडणं म्हणजे तुरुंग, तेव्हा त्यानं त्याला नखही लागू दिलं नाही. आणि लोकांना दिसू नये म्हणून वर फडकं बांधलं. जमीनदाराकडे अठरा वर्षं आणि इथे इतकी, असं कधी कुणी केलं नव्हतं, म्हणाला. तीन महिने तो माणूस हे मनात घेऊन मला गावोगाव नेत होता आणि दार उघडून देत होता.

आता माझी पाळी होती. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. नोकरी कच्ची, समोर चांद्याचे साहेब, एका ओळीत माझा निकाल लागला असता. मी लगेच बोलले असं मला लिहायला आवडलं असतं. मी नाही बोलले. गाडी फुरफुरत होती, आणि मी माझ्या चपलांकडे बघत उभी होते, चांगला पाच-सात श्वास. त्याची लाज मला अजून वाटते.

मग म्हटलं, "साहेब, मी केलं."

आणि सगळं सांगितलं. दिवाळीच्या सुमारास नववा महिना भरलेल्या एका बाईला आणताना ती पेट्रोलच्या वासानं वाटभर ओकली होती. टोपणाला भोक दिसलं, म्हटलं वास इथूनच येतो. टोपण टेबलावर आणलं, मेणबत्तीवर लाख धरली आणि भोकावर टाकली. आणि लाख टाकली की शिक्का मारायचा, पाकिटांना आणि बाटल्यांना रोज तेच करते, हात आपोआप गेला. शिक्का मारलेला माझ्या लक्षातसुद्धा राहिला नाही.

साहेबांनी टोपण चष्म्याजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला आणि मी मनात घरी निघायची तयारी केली. मग ते म्हणाले, "हा मध्य प्रदेशचा शिक्का आहे."

मी म्हटलं, हो साहेब.

"हे सगळे शिक्के परत पाठवायचे होते ना?"

मी म्हटलं, हो साहेब, राहिलं.

"म्हणजे नाही त्या राज्याचं सील मारून तुम्ही मुंबई राज्याची गाडी तीन महिने बंद पाडलीत," साहेब म्हणाले, आणि तो लाल चेहरा फुटला. साहेब हसत होते. मडगार्डला धरून हसत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते. मिस्त्री हसायला लागले. मी रडत रडत हसले. एकटा दाजीबा हसला नाही. त्यानं विचारलं, "म्हणजे माह्यावर शक नोता साहेब? कोणाचाच?"

साहेबांचं हसणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रॉकेलची गोष्ट मला माहीत होती, त्यांना माहीत होती, आणि दाजीबानंही ती ऐकली होती. साहेब चष्मा लावून त्याच्याजवळ गेले. "माझा होता," ते म्हणाले. "माझं चुकलं, दाजीबा." चांद्याचा एवढा मोठा साहेब, रस्त्यात उभा राहून ड्रायव्हरला असं म्हणाला. दाजीबानं ते फडकं तोंडावर धरलं आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो.

सील कुणी तोडायचं यावरही मिस्त्री अडून बसले. सरकारी हाय, सरकारनंच तोडावं, म्हणाले. साहेबांनी खिशातला चाकू काढून लाख खरवडली, भोकातून फुंकर मारून पाहिली आणि टोपण दाजीबाच्या हातात दिलं. गडचिरोलीपर्यंत आणि परत, गाडी एकदाही खोकली नाही. येताना दाजीबा गाणं म्हणत होता. त्याला गाणं येतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेडीत गेले. मिस्त्री हाताचं ऑईल राखेनं घासत होते. मी विचारलं, तुम्हाला आधीच कळलं होतं ना, पळसापाशी, दाजीबा पाण्याला गेला तेव्हा? हो म्हणाले. फडकं सोडून पाहिलं होतं, आणि दिवाळीपासून वास बंद झाल्याचं माझं बोलणंही त्यांना आठवलं होतं.

"मग तेव्हाच का नाही खरवडलं? आमचा जीव किती टांगणीला होता."

"तेव्हा खरवडलं असतं तं गाडी सुधरली असती बाई," ते म्हणाले. "पण साहेबाच्या डोक्यात दाजीबा चोर तो चोरच राह्यला असता. अन् दाजीबाच्या मनात सील तसंच राह्यलं असतं. ते कोण खोललं असतं?"

मग मला राहवेना. म्हटलं, आणि मी बोललेच नसते तर? मी गप्प उभी होते ते तुम्ही पाहिलं.

"पाह्यलं," ते म्हणाले. "तुमचे श्वास मी मोजूनच राह्यलो होतो. अजून जराशीक थांबल्या असत्या तं मी म्हटलं असतं, लाख म्या लावली."

"आणि शिक्का?"

"शिक्का बाईच्या टेबलावरून चोरला, म्हटलं असतं." त्यांनी हात धुऊन पंच्याला पुसले. "साहेबाले एक चोर पाह्यजेच असता, तं मी झालो असतो."

आणि मला बसायला त्यांनी खोकं पुढे सरकवलं.